हिरवा शालू खाली ठेवा

'माझं गाव, माझं रान' या विषयावर या अंकासाठी लेखन मागवलं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरापोरींनी भरपूर पाठवलं. तो गठ्ठा वाचून मत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कागदाच्या मिलमध्ये कामगार आहे. कॉलेजात गेलो नाही. समीक्षकांची भाषा मला येत नाही, नि ती यावी असंही वाटत नाही. पण शिफ्ट संपल्यावर आठवडाभर बसून एकेक कागद नीट वाचला आहे. जे दिसलं ते सांगतो. राग येईल त्यानं खुशाल राग धरावा, पण पुढचा लेख नीट लिहावा.

आलेल्या बहुतेक लेखांत गाव नाही. रान तर नाहीच नाही.

हे लेख दोन तऱ्हांचे आहेत. पहिल्या तऱ्हेत धरतीमाता हिरवा शालू नेसते. सूर्य सोनेरी किरणं उधळतो. नदी खळखळून हसते, पाखरं किलबिल करतात, बळीराजा औत घेऊन निघतो आणि गाव कसं, तर एका कुटुंबासारखं गुण्यागोविंदानं नांदतं. हे राजुऱ्याच्या पोरानं लिहिलं, सावलीच्या पोरानं लिहिलं आणि आरमोरीच्या पोरीनंही लिहिलं. आता राजुऱ्याकडे कापूस नि कोळशाच्या खाणी. सावली-आरमोरीकडे धानाच्या बांध्या. मातीचा रंग वेगळा, भाकरी-भात वेगळा, मजुरी वेगळी. पण तिन्ही लेखांत शालू एकच! आणि गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या त्या गावात आपला मोहल्ला कुठल्या टोकाला आहे, हँडपंप कोणाच्या दारात आहे, हे एकानंही लिहिलं नाही. लिहिणारा त्याच मोहल्ल्यात राहतो, बरं का.

दुसरी तऱ्हा आपल्या घरची आहे. म्हणून तिच्यावर जास्त बोललं पाहिजे. तिच्यात हजारो वर्षांचा अंधार असतो. अंधाराला छाताड असतं. त्या छाताडावर पाय देऊन कोणीतरी मशाल पेटवतो. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्या दिवसांत असे शब्द भट्टीतून नुकते निघालेले होते, हात लावला की भाजायचे. आज आपण तेच शब्द साच्यात घालून थंड विटा पाडतो. माझ्या हातातल्या एका लेखात 'अंधार' सतरा वेळा आला. मी मोजला. पण त्या गावात लाईट किती वाजता जाते, हे कळलं नाही.

शालूवाला डोळे मिटून गोड स्वप्न पाहतो. मशालवाला डोळे मिटून ओरडतो. दोघांचेही डोळे मिटलेलेच. वर्णनाचं पहिलं काम डोळे उघडणं, आणि तिथंच दोघं नापास.

मित्रांनो, दोष तुमच्या एकट्याचा नाही. शाळेत वर्णनात्मक निबंधाचं तंत्र आपल्याला शिकवलं गेलं ते गाईडातून. सुरुवात आकर्षक करा. पाचही इंद्रियांना जाणवेल असं चित्र उभं करा. उपमा वापरा. शेवट परिणामकारक करा. हे नियम खोटे आहेत असं मी म्हणत नाही. डोळा, कान, नाक, जीभ, कातडी या पाचांनी लिहावं हे खरंच आहे. पण कोणाचा डोळा? कोणाची कातडी? गाईडात ते लिहिलेलं नसतं. म्हणून जी कातडी कधी चिखलात उतरली नाही तिचा पाऊस आपण आपल्या वहीत उतरवून घेतो. आपल्या मायच्या पायाच्या बोटांत रोवणीच्या दिवसांत चिखल्या होतात, नि आपण लिहितो, 'रिमझिम सरींनी मन मोहरून जाते'.

तर मग आपण शिकायचं कोणाकडून? आपल्याकडे माणसं आहेत.

मराठी निबंधाचं नाव निघालं की मास्तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून सुरुवात करतात. त्यांची निबंधमाला १८७४ ची. त्याच्या १९ वर्षं आधी, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर एक निबंध छापून आला होता. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी जेमतेम चौदा वर्षांची मातंग पोरगी. तिला निबंधाचं तंत्र कोणी शिकवलं असेल तर एवढंच की, तू पाहिलंस ते लिही. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, मग पावसा-थंडीत त्यांचं काय होतं, असं ती विचारते. छप्पर, पाऊस, थंडी, बाळंतीण. चार वस्तू ठेवल्या आणि समोरच्याला पळायला जागा ठेवली नाही. शाळेचा निबंध असा असू शकतो.

जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात कायदा आहे, इतिहास आहे, भटशाहीवर कोरडे आहेत. पण मध्येच ते आपल्याला एका कुणब्याच्या घरात घेऊन जातात आणि तिथल्या वस्तू एकेक करून दाखवतात. ते घर पाहिलेल्या माणसाला पुढचे आकडे सांगावे लागत नाहीत.

आणि बाबासाहेब. १९०१ सालची गोष्ट आपण सगळे जाणतो. साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेली पोरं, मसूर स्टेशन, घ्यायला कोणी आलेलं नाही. ही हकीकत त्यांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं १९९० साली ती पुस्तिका छापली गेली. रडण्यासाठी आपण ती पुष्कळदा वाचली. आता एकदा लिहिणं शिकण्यासाठी वाचा. आधी कपडे येतात. नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. म्हणजे स्टेशनमास्तरला ही पोरं कोण्या घरची वाटली असतील ते आपल्याला आधीच दिसतं. मग जात कळते. मग भाड्याचा आकडा येतो, दुप्पट. मग गाडी कोणी हाकली आणि गाडीवान कुठून चालला. मग रात्र, टोलनाका, सोबत जेवण भरपूर आणि पाणी मात्र थेंबभर नाही. 'अन्याय' हा शब्द यायच्या आधी वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. बॅरिस्टर झालेला माणूस, जगातली मोठमोठी पुस्तकं वाचलेला, तो टोपीचा नि जोड्याचा तपशील देतो. काहून? कारण तपशील हाच पुरावा असतो, आणि पुरावा कसा मांडायचा हे वकिलाला ठाऊक असतं.

आपल्या विदर्भातलंच पाहायचं तर वसंत मून यांचं 'वस्ती' वाचा, १९९५ चं. नागपूरच्या महारपुऱ्यातली माणसं, गल्ल्या, आखाडे, सभा सगळं नावानिशी आहे. ती वस्ती उद्या पुसली गेली तरी पुस्तकातून पुन्हा उभी करता येईल. वर्णन किती भरावं याचं ते माप आहे.

आता गठ्ठ्यातल्या एका अर्ध्या पानाकडे येतो. सिंदेवाहीकडच्या एका पोरीनं पाठवलं आहे. वर एक ओळ लिहिली आहे की, 'निबंध जमला नाही, जेवढं आलं तेवढं पाठवते.' ते असं :

'माय मोहाखाली गेल्यावर पयले झाडाकडे पाहत नाही, मांगं पाहते. मंग बसते. ती म्हणते, वाकून बसलेला मानूस वाघाले ढोरावानी दिसते. म्हणून ती वेचते तवा मी उभी राहते. टोपली भरली का मी बसते नं ती उभी राहते. तिच्या हातात काडी राहते. घरी येईपर्यंत दोघी बोलतच राहतो, काई विषय नसला तरी.'

बस्स. एवढंच. सगळ्या गठ्ठ्यात रान आहे ते या अर्ध्या पानात. ते कशानं आलं हे उलगडून पाहू या. म्हणजे तंत्र तंत्र म्हणतात ते हाती लागेल.

पहिली गोष्ट, डोळा कुठे आहे. ताडोबावर मराठीत पुष्कळ लिहिलं जातं. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. मोहर्लीच्या गेटातून जिप्सी आत जाते. जिप्सीतला माणूस उंचावर बसलेला असतो, हातात कॅमेरा असतो, नि त्याला वाघाचं 'दर्शन' होतं. दर्शन! देवळाचा शब्द वाघाला लावला. आता मोह वेचणाऱ्या बाईचा डोळा पाहा. तो जमिनीपासून हातभर वर आहे, नजर खाली फुलावर आणि सगळं ध्यान पाठीवर. तोच वाघ, तेच रान. पण डोळ्याची उंची बदलली की रान बदलतं. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या रानाचं वर्णन जिप्सीतून होणार नाही. लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा, मी कुठे उभा आहे? उभा आहे की वाकलेला? मला कोण पाहतंय? हे ठरलं की अर्धा निबंध झाला.

दुसरी गोष्ट, नाव. पोरीनं 'वृक्षाखाली' लिहिलं नाही, 'मोहाखाली' लिहिलं. तुमच्या लेखांत नुसती झाडं आहेत, पक्षी आहेत, फुलं आहेत. ऐन, धावडा, बिजा, सालई, तेंदू, बिबा कुठे गेले? पाण्याला सगळ्यांनी 'तळे' लिहिलं. तुमच्या गावात बोडी वेगळी नि मामा तलाव वेगळा नाही का? बोडी लहान, एखाद्याच्या वावरापुरती. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्याच्या पाण्यावर कोणाच्या बांध्या आधी भिजतात यात गावची सगळी सत्ता दिसते. 'तळे' लिहिलं की सत्ता गेली, कमळ उरलं. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते, २०२५ च्या जून महिन्यात वारले. त्यांच्या लिखाणातून नावाची शिस्त घ्या. पाखराला, झाडाला, वाटेला रानातली माणसं काय म्हणतात ते विचारून त्यांनी टिपून ठेवलं. त्यांचा डोळा अधिकाऱ्याचा होता, आपला नाही. पण शिस्त चांगली असेल तर ती कोणाकडूनही घ्यावी. आणि झाडीबोलीची लाज सोडा. 'बांधी', 'धुरा', 'सांदवाडी' लिहिलं म्हणून पुण्याच्या वाचकाचं अडत असेल तर वाक्य असं लिहा की त्याला अर्थ आपोआप कळेल. 'धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली, दोन्हीकडे पाणी होतं' म्हटलं की धुरा म्हणजे काय ते कोणालाही कळतं.

तिसरी गोष्ट, माप आणि काळ. 'आम्ही अपार कष्ट करतो' हे वाक्य खोडा. तेंदूचा एक पुडा ७० पानांचा. असे हजार पुडे म्हणजे एक गोणी. सत्तर हजार पानं! प्रत्येक पान हातानं तोडलेलं, पाहिलेलं, उलटं-सुलटं लावलेलं. एवढं लिहा, वाचणारा स्वतःची बोटं पाहील. काळाचंही तसंच. 'उन्हाळ्यात' नका लिहू. मोह पडतो मार्च-एप्रिलात, पहाटे. तेंदू मे महिन्यात. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ चं. आपल्याला ते साल वेगळ्या कारणानं पाठ आहे. त्यांनी 'पावसाळा' असा एक ढीग घातला नाही, महिन्या-महिन्याची पानं-फुलं वेगळी केली. ती नजर उचला. नि मग त्यात त्यांनी न घातलेलं तुम्ही घाला. धान संपलेलं असतं तो महिना कोणता? उधारी कोण्या महिन्यात घेतली जाते? आपल्या घरच्या ऋतुचक्रात भुकेचाही महिना असतो.

चौथी गोष्ट, क्रियापद. त्या अर्ध्या पानात विशेषणं मोजा. एकच सापडेल, 'वाकून बसलेला', आणि तेही क्रियापदातूनच निघालेलं. बाकी सगळं पाहते, बसते, वेचते, उभी राहते. माणूस काय करतो ते सांगितलं की तो कसा आहे ते सांगावं लागत नाही. 'भेदरलेली माय' असं त्या पोरीनं लिहिलं असतं तर आपण माया केली असती, नि विसरलो असतो. तिनं 'मांगं पाहते' लिहिलं. आता ते विसरता येत नाही.

पाचवी गोष्ट, इथे आधी काय होतं. हे त्या अर्ध्या पानात नाही, ते तुम्ही घाला. ताडोबातलं जामणी गाव उठलं, नवेगाव उठलं. आज त्या जागांवर गवताची कुरणं आहेत, हरणं चरतात. पाहणारा 'काय सुंदर कुरण!' म्हणतो. खोटं नाही बोलत तो. पण अर्धं बोलतो. आपल्या वर्णनात जागेचं कालचं रूपही आलं पाहिजे. नाहीतर आपणही जिप्सीतच बसलो.

आता कोणी म्हणेल, दादा, एवढा आटापिटा काहून? निबंध तर आहे. दहा मार्कांचा नाहीतर अंकाच्या दोन पानांचा.

त्याचं उत्तर आपल्या दोन जिल्ह्यांत द्यायला सोपं आहे. इथे वर्णनातल्या एकेका शब्दानं जमिनी गेल्या आहेत आणि आल्याही आहेत.

'झुडपी जंगल' हे दोन शब्द घ्या. गडचिरोली-चंद्रपूरसह नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत हजारो हेक्टर जमिनीवर महसुली दप्तरात हा शेरा आहे. मूळ अर्थ एवढाच की, झुडपं वाढलेली, ढोरं चारायची पडीत. पुढे त्यावर घरं झाली, शाळा झाल्या, स्मशानं झाली, वावरं झाली. पण दप्तरातला शेरा तोच राहिला. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ही जमीन वनजमीनच धरायची; १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपांना नियमित करायची वेगळी वाट ठेवली. कोण्या काळी कोण्या कारकुनानं टाकलेलं एक विशेषण, नि आज लोक आपल्याच घराचा कागद शोधत फिरतात.

'जबरानजोत' घ्या. बाप वाहत होता, आजा वाहत होता, त्या जमिनीला हे नाव. जबरान म्हणजे जबरदस्तीनं. शब्दातच आरोप भरलेला. आणि आपली माणसंही सहज सांगतात, 'आमची जबरान आहे.' दुसऱ्यानं आपलं केलेलं वर्णन आपण आपल्या तोंडानं म्हणतो. या गठ्ठ्यातल्या तीन लेखांत तो शब्द आला आहे. तिन्ही वेळा सरळ, विचार न करता.

आता बांबू. माझी भाकर त्याच्यावर आहे म्हणून सांगतो. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. १९२७ च्या वन कायद्यात त्याला झाडाच्या व्याख्येत घातलं. झाड म्हटलं की तोडायला परवाना, न्यायला परवाना. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपजात धरलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी त्या ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचे वाहतूक पास हाती मिळायला २७ एप्रिल २०११ उजाडला. आणि वन कायद्याच्या व्याख्येतून बांबू बाहेर निघाला २०१७ साली. गवताला गवत म्हणायला नव्वद वर्षं लागली. वर्णन म्हणजे काय, हे आता सांगावं लागेल का?

पुढचा भाग आपल्या घरचा आहे. वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. पण आपण अनुसूचित जमातीत नाही. आपण 'इतर पारंपरिक वननिवासी'. आपल्याला तीन पिढ्या, म्हणजे त्या तारखेच्या आधीची ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. हिशेब केला तर १९३०. त्या वेळी आपल्या आज्याला कोणी कागद दिला होता? वेठ दिली होती, कागद नाही. पण त्याच कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत कागदाशिवाय इतर गोष्टीही आहेत. घर, बांध, जमीन सपाट केल्याच्या खुणा. विहिरी, दफनाच्या जागा. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर बुजुर्गांचं सांगणं, लिहून घेतलेलं. एकाहून जास्त पुरावे लागतात हे ध्यानात ठेवा, नुसत्या जबाबावर भागत नाही. पण जबाब हा पुरावा आहे.

म्हणजे काय झालं? तुमच्या गावच्या ऐंशी वर्षांच्या बुढ्याचं सांगणं कोणीतरी कागदावर लिहायचं आहे. कोण लिहिणार? गावात लिहिता येणारे तुम्हीच. आणि शालू किंवा मशाल यापलीकडे तुम्हाला काही येत नसेल तर तुम्ही काय लिहाल? तुम्ही लिहाल, 'मी या गावात पिढ्यानपिढ्या राहत असून सदर जमिनीवर आमची पूर्वापार वहिवाट आहे.' मग त्याच वाक्याच्या चाळीस झेरॉक्स, खाली चाळीस अंगठे. वाचणाऱ्या समितीला त्यात माणूस दिसत नाही, साचा दिसतो. गाईडातला शालू आणि जबाबातली 'पूर्वापार वहिवाट', दोघं सख्खे भाऊ आहेत मित्रांनो.

बुढ्याजवळ बसा. त्याला तारीख विचारू नका, त्याला ती येणार नाही. त्याला विचारा, बाबासाहेब चांद्याला आले तेव्हा तू केवढा होता? १६ ऑक्टोबर १९५६. आपल्या बुढ्यांना तो दिवस आठवतो किंवा घरच्यांनी सांगितलेला असतो. मग विचारा, त्या वर्षी या बांधीत धान होतं का? बांध तेव्हा होता का? कोणी घातला? विहिरीला दगड कुठून आणले, कोणी वाहिले? मसणवट कोण्या अंगाला होती, पहिलं कोण गेलं? मग बुढ्याला घेऊन वावराच्या कडेनं चाला. जसं चालाल तशाच क्रमानं लिहा. इथे मोहाचं झाड, त्याच्यापासून अमुक पावलांवर धुरा वळतो, वळणावर दगड, दगडाच्या खाली नाला. उद्या वनहक्क समिती पाहणीला आली तर तुमचा कागद हातात घेऊन तिला त्याच वाटेनं चालता आलं पाहिजे. वर्णनाचा क्रम कसा लावावा याच्यावर गाईडात एक पान असतं. मी एका ओळीत सांगतो : पायानं जसं गाठलं तसं.

आणि एक नियम पक्का बांधा. बुढ्यानं डोळ्यानं पाहिलेलं वेगळं लिहा. त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं वेगळं लिहा. अंदाजाचं असेल तर अंदाज म्हणून लिहा. तिन्ही एकात मिसळलं की कोणीही एक धागा ओढून सगळं उसवून टाकतो. हा नियम जबाबापुरता नाही. कवितेखेरीज जे जे लिहाल त्याला लावा. कवितेलाही लावला तर बिघडणार नाही.

यावर साहित्यवाल्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतील, हे साहित्य झालं की तहसीलचा अर्ज? सौंदर्य कुठे गेलं? तर साहेब, त्या अर्ध्या पानात सौंदर्य नाही का? दोन बाया आळीपाळीनं उभ्या राहतात. एक वेचते, एक राखते, आणि परतीच्या वाटेवर विषय नसताना बोलत राहतात, कारण आवाज हीच त्यांची काठी. याच्याहून सुंदर मायलेकीचं चित्र मी तरी या गठ्ठ्यात पाहिलं नाही. ते सुंदर आहे कारण ते खरं आहे आणि नेमकं आहे. सौंदर्याचा नि पुराव्याचा झगडा ज्यांच्या घरात सात-बारा लोखंडी पेटीत सुरक्षित आहे त्यांचा. आपला नाही.

आणि ज्यांना वाटतं की एवढ्या नेमकेपणानं विद्रोह थंड होईल, त्यांनाही सांगतो. ज्याला मोडायचं आहे त्याचं माप आधी घ्यावं लागतं. हँडपंप मोहल्ल्यापासून किती पावलांवर आहे हे लिहिणारा पोरगा त्या गावाला जेवढा अवघड जाईल, तेवढा मशालवाला जाणार नाही.

तर गठ्ठा परत पाठवतो आहे. प्रत्येक लेखावर पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. सिंदेवाहीच्या पोरीचं अर्धं पान तसंच्या तसं छापावं, काना-मात्रा न बदलता, अशी संपादकांना विनंती आहे. तिनं 'जमलं नाही' म्हणून वर लिहिलेली ओळ तेवढी काढा.

बाकीच्यांनी पुन्हा लिहावं. विषय लहान घ्या. अख्खं गाव नको. एक बोडी घ्या, एक धुरा घ्या, तेंदूची फळी घ्या, धान भरडायची गिरणी घ्या, नाहीतर मोहल्ल्यातून शाळेपर्यंतची वाट घ्या. दोन पानं पुरे. विशेषण आलं की थांबा आणि विचारा, हे कोणी लावलं? नाव कळलं नाही तर घरातल्या बुढीला विचारा. शेवट गोड करू नका, तिखटही करू नका, सांगायचं संपलं की थांबा. आणि ज्यांच्या गावात वनहक्काचे दावे अजून पडून आहेत त्यांनी लेख नंतर लिहावा. आधी बुढ्याकडे वही घेऊन जावं. पावसाच्या आधी जावं, नंतर रोवणी सुरू होते आणि कोणालाच वेळ राहत नाही.

जयभीम.